मालमोटारीवर एरियल कोठें बसवावें?

एरियल ही वस्तु आपल्या घरांच्या माथ्यावरून आतां बहुतेक नाहींशी झाली आहे. आमच्या लहानपणीं उमरखेडच्या आमच्या वाड्यावर वडिलांनीं ताणलेली तांब्याची तार होती. तिचें एक टोंक माडीच्या आढ्याला आणि दुसरें परसांतल्या कडुनिंबाला बांधलेलें असे, व दोहोंकडे चिनी मातीचे मणी असत. १९४८ सालीं सुरू झालेलें नागपूर केंद्र त्या तारेवरून आमच्या घरीं बोलूं लागलें, असें वडील मोठ्या कौतुकानें सांगत. पुढें हातांत मावणारे रेडिओ आले. त्यांचें एरियल त्यांच्या पोटांतच असे. मग खिशांत मावणारे फोन आले. त्यांत तें कोठें आहे हें विचारण्याचीहि कोणास गरज वाटेनाशी झाली. म्हणूनच गेल्या ज्येष्ठांत आमच्या ओसरीवर "मालमोटारीवर एरियल कोठें बसवावें" या प्रश्नावर जेव्हां सारें कुटुंब आठ-दहा दिवस भांडलें, तेव्हां शेजारच्या मंडळींना तें चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं.

आमचे धाकटे बंधु मालवाहतुकीचा धंदा करतात. दशग्रंथी आजोबांच्या नातवानें मालमोटारी बाळगाव्या याबद्दल एके काळीं नातलगांत कुजबुज झाली होती. परंतु त्याच मालमोटारींनीं आमच्या घरांतल्या तीन मुलींचीं लग्नें आणि चार मुलांचीं शिक्षणें पार पाडल्यावर ती आपोआप थांबली. येथून हळद, हरभरा, कापूस घेऊन गाडी नांदेड-हिंगोलीकडे जाते, आणि परत येतांना खत, सिमेंट, पत्रे घेऊन पुष्कळदां ढाणकीवरून बिटरगांवकडे, म्हणजे पैनगंगेच्या कांठच्या जंगलांत शिरते. त्या मुलुखाला आमच्या तालुक्यांत बंदी भाग म्हणतात. सागवानाचें रान, चढउतार, आणि पावसाळ्यांत एकाएकीं फुगणारे ओढे. तेथें कित्येक टप्प्यांत खिशांतला फोन हा केवळ घड्याळाच्या उपयोगाचा राहतो.

गेल्या वर्षीं श्रावणांत आमचा थोरला पुतण्या ड्रायव्हरमामांबरोबर त्या बाजूला गेला असतां गाडीच्या पुढचा व मागचा असे दोन्ही ओढे भरले. गाडीला कांहीं झालें नव्हतें, माणसांना कांहीं झालें नव्हतें. उंचवट्यावर गाडी उभी करून तीं दोघें भुईमुगाच्या शेंगा खात बसलीं होतीं. परंतु हें आम्हांस कळलें दुसऱ्या दिवशीं दुपारीं. मधल्या सतरा तासांत आमच्या वहिनीसाहेबांनीं तोंडांत पाण्याचा थेंब घेतला नाहीं. बंधु दोनदां मोटार काढून निघाले आणि दोनदां पाण्याच्या कडेवरून परतले. त्या रात्रीं आमच्या मातोश्री, ज्यांचें वय पंचाऐंशीच्या घरांत आहे, फक्त एकदांच बोलल्या: "पूर्वी गाडीबैल जात, तेव्हांहि कळत नसे, पण तेव्हां कळेल अशी आशाच नसे."

पुतण्या घरीं आला तो एक निश्चय करूनच. त्यानें आणि त्याच्या धाकट्या बहिणीनें हौशी बिनतारीची परीक्षा द्यावयाचें ठरविलें. ही परीक्षा केंद्र सरकारचें दळणवळण खातें घेतें. बारा वर्षांचें मूलहि तिला बसूं शकतें; यंत्रशास्त्राचें व नियमांचें ज्ञान दाखवावें लागतें आणि मग स्वतःचें असें बोलावण्याचें चिन्ह मिळतें. आपल्या देशांत ही हौस जुनी आहे. १९२१ सालीं कलकत्त्याकडील अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनीं तिचा आरंभ केला. केवळ हौस म्हणून तिच्याकडे पाहूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळीं हौशी मंडळींनीं आपलीं यंत्रें घेऊन निरोप पोंचविण्याचें काम केलें. २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामी आली तेव्हां भारती प्रसाद नांवाच्या बाई योगायोगानें याच हौसेपायीं अंदमानांत होत्या, आणि बाकीचीं साधनें बंद पडलीं असतां त्यांच्या यंत्रावरून बेटांच्या बातम्या बाहेर आल्या. भाऊ-बहीण दोघेंहि उत्तीर्ण झालीं. कागदपत्र यथासांग झाले. एक यंत्र माडीवर व एक मालमोटारींत असें ठरलें.

येथें बंधूंची थोडी निराशा झाली. त्यांच्या मनांत असें होतें कीं आतां नांदेडच्या बाजारांतला हळदीचा भाव वाटेंतूनच कळेल. परंतु हौशी परवान्यावर धंद्याचें एक अक्षरहि बोलतां येत नाहीं. गाणीं लावतां येत नाहींत, परवाना नसलेल्या माणसाला परस्पर बोलतां येत नाहीं. "मग बोलावयाचें तरी काय?" असें त्यांनीं विचारलें. पुतणी म्हणाली, "बाबा, दादा सुखरूप आहे एवढें." त्यावर बंधूंनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं, यंत्राचे पैसे मात्र दुसऱ्याच दिवशीं काढून दिले.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यंत्र केबिनमध्यें ड्रायव्हरच्या शेजारीं बसणार हें उघड होतें. मालमोटारीची वीज २४ व्होल्टची व यंत्राला हवी सुमारें १३.८ व्होल्टची, म्हणून मध्यें एक रूपांतर करणारी पेटी आली. दोन बॅटऱ्यांपैकीं एकीवरूनच वीज चोरावी असें गॅरेजवाला सुचवीत होता; तें पुतण्यानें मानलें नाहीं, कारण त्यामुळें एक बॅटरी सदा उपाशी व दुसरी सदा अजीर्णानें मरते. हें सारें अर्ध्या दिवसांत उरकलें. वाद झाला तो एरियलवर.

घरांतल्या प्रत्येकाचें मत ठाम होतें. बंधूंचें मत: आरशाच्या दांडीला बांधावें, गाडीला भोंक नको, टपाला भोंक पाडलें कीं पावसाळ्यांत गळती आणि विकतांना किंमत कमी. वहिनींचें मत: हौद्याच्या पुढच्या फळीवर, कारण तें सर्वांत उंच, आणि उंचावरची हांक लांब जाते. क्लीनर पोराचें मत: पुढच्या बंपरवर, कारण मोठ्या साहेबांच्या गाड्यांवर तसें दिसतें. ड्रायव्हरमामा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "काका, जंगलात झाडाची फांदी पयले टपालेच भेटते. तिथं काई लावसान तर एका खेपेत जाईन." पुतणी एकटी सांगत होती कीं टपाच्या मध्यावर, आणि तिचें म्हणणें प्रथम कोणासच पटेना.

तिचें म्हणणें आम्हीं तिच्याकडून दोन संध्याकाळ बसून समजून घेतलें. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. शब्द हा आकाशाचा गुण आहे, या नैयायिकांच्या सिद्धान्तापर्यंत आमची धांव. परंतु मुलीनें सांगितलेली गोष्ट आम्हांस त्याहून सोपी वाटली. बिनतारी लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धांवते. मुलांच्या यंत्राची लहर सेकंदाला सुमारें साडेचौदा कोटी आंदोलनें करते. म्हणजे एका आंदोलनांत ती दोन मीटरांहून किंचित् अधिक पुढें जाते. एरियलची दांडी या लांबीच्या चतुर्थांश असावी लागते, म्हणजे सुमारें ५० सेंटिमीटर, हातभर. परंतु ही हातभर दांडी म्हणजे अर्धेंच एरियल होय. उरलेलें अर्धें तिच्या पायाखालचा पत्रा पुरवितो. तळ्याच्या कांठच्या दीपमाळेचें प्रतिबिंब पाण्यांत पडून ती दुप्पट दिसते, तसें पत्र्यांत दांडीचें प्रतिबिंब पडतें आणि दोन्ही मिळून एरियल पुरें होतें. पाणी नसेल तर प्रतिबिंब नाहीं. दांडीच्या चोहोंबाजूंस निदान तिच्या लांबीइतका अखंड पत्रा हवा. असा पत्रा आमच्या गाडींत एकाच ठिकाणीं आहे, तो केबिनच्या टपावर. कायद्यानें मालमोटारीची रुंदी २.६ मीटरांपर्यंतच असूं शकते. आमच्या केबिनचा टप त्याहून थोडा अरुंद, तरीहि मध्यावर दांडी रोवली तर सर्व दिशांना पत्रा पुरून उरतो. आरशाच्या दांडीजवळ काय आहे? एका बाजूला दरवाजा, दुसऱ्या बाजूला हवा. आणि हौद्याची पुढची फळी तर लांकडाचीच आहे.

लांकडाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. आपल्याकडे पुष्कळ वर्षें कारखान्यांतून मालमोटारीची केवळ सांगाडी व इंजिन येई, आणि केबिन व हौदा गांवोगांवचे कारागीर लांकूड-पत्र्याचा बनवीत. तसली केबिन असती तर हें सारें गणित निराळें झालें असतें. गंमत अशी कीं मोटारींत रेडिओ प्रथम आले तेव्हां अशीच स्थिति होती. १९३० च्या सुमारास अमेरिकेंतल्या मोटारींचे टप कापडाचे व लांकडी कामट्यांचे असत. एरियल म्हणून त्या टपाच्या अस्तरांत तारेची जाळी दडवीत. १९३५ च्या सुमारास सबंध पोलादी टप आले, आणि आंतली जाळी एका दिवसांत बहिरी झाली, कारण पोलादाच्या पेटींत लहर शिरत नाहीं. मग एरियल पायरीखालीं गेलें, आणि तेथें चिखल-दगड खाऊन अखेर उभ्या दांडीच्या रूपानें बाहेर आलें. म्हणजे एरियलची जागा तेव्हांहि पत्रा कोठें आहे यावरूनच ठरली. आपल्या मुंबईंत १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवीत होते, तेव्हां पोलिसांच्या शोधक गाड्या एरियल लावून त्यांचा माग काढीत फिरत आणि या मंडळींना बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलावें लागे. मोटारीवरच्या एरियलचा तोहि एक उपयोग.

मालमोटार आणि बिनतारी यांचें लग्न लागलें तें मात्र अमेरिकेंत. तेथें १९५८ सालीं सामान्य नागरिकांसाठीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा मोकळा करण्यांत आला. १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली, पुढच्या वर्षीं रस्त्यावरील वेगाला ताशीं ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हां पेट्रोल कोठें मिळतें आणि पोलीस कोठें उभे आहेत हें एकमेकांना सांगण्यासाठीं तेथल्या मालमोटारवाल्यांनीं घरोघर, नव्हे गाडोगाडीं, हीं यंत्रें बसविलीं. १९७७ पासून त्यांना ४० मार्ग मिळाले. त्यांतला १९ वा मार्ग हमरस्त्यावरचा, आणि ९ वा संकटाचा. परंतु त्यांच्या लहरीची लांबी अकरा मीटर. तिचा चतुर्थांश झाला नऊ फूट! नऊ फुटांची काठी टपावर उभी करून कोण जाणार? म्हणून ते तारेचें वेटोळें घालून दांडी आंखूड करतात, आरशांना बांधतात, आणि टप पुरत नाहीं म्हणून सगळी गाडीच प्रतिबिंबाचें पाणी होते. त्यांत एक मौज अशी कीं दांडी गाडीच्या ज्या कोपऱ्यांत असेल त्याच्या समोरच्या कोपऱ्याकडे आवाज अधिक जोरानें जातो, कारण त्या बाजूला पत्रा अधिक. आरशावर एरियल लावण्याची जी चाल बंधूंनीं कोठें तरी चित्रांत पाहिली होती ती अशी नऊ फुटी दांडीच्या गरजेंतून आली आहे. आमची दांडी हातभर. दुसऱ्याच्या अंगरख्याचें माप घेऊन आपला शिवूं नये, हें त्यांना पटलें, पण भोंक पटलें नाहीं.

तेव्हां प्रयोग करावा असें ठरलें. लोहचुंबकाच्या बुडाचें एक एरियल व चिमट्याचें एक, अशीं दोन आणलीं. पुतण्या ढाणकीच्या वाटेवर एका मोकळ्या माळावर गाडी उभी करून चारहि जागीं पाळीपाळीनें दांडी लावी व गाडीचें तोंड चार दिशांना वळवी. माडीवर पुतणी कांट्यावर आवाजाचा जोर पाहून वहींत उतरून घेई. बंपरवरची दांडी समोरच्या बाजूला बरी बोलली, पण गाडीनें पाठ फिरवितांच केबिन व भरलेला हौदा आड येऊन आवाज बुडाला. आरशावरची एका अंगाला बोलकी व दुसऱ्या अंगाला मुकी. हौद्याच्या फळीवरची उंच खरी, पण यंत्राकडे उलट फिरून येणारी शक्ति इतकी कीं तिचें प्रमाण तीनाच्या पुढें गेलें. तें दोनाच्या आंत असावें, दीडाच्या आंत असलें तर उत्तम, नाहींतर बाहेर जावयाची शक्ति आंत परतून यंत्रालाच तापविते. टपाच्या मध्यावर तें प्रमाण सव्वाच्या आसपास राहिलें, आणि चारहि दिशांचे आंकडे जवळजवळ सारखे आले.

वहिनींचा उंचीचा मुद्दा तेवढा राहिला होता, आणि तो टाकाऊ नव्हता. या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेंत जातात. जेथवर दोन्ही एरियलें जणुं एकमेकांना पाहूं शकतात तेथवरच बोलणें. सपाट भूमीवर त्याचा एक सोपा हिशेब आहे: दोन्ही उंचींचीं मीटरांत वर्गमुळें काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ नें गुणावें. येतील तितके किलोमीटर. आम्हीं तो हिशेब वहिनींच्या पुढ्यांत पाटीवर करून दाखविला. टपावरची दांडी भूमीपासून सुमारें ३.२ मीटर. घरचा खांब त्या वेळीं ९ मीटर. बेरीज ४.७९, अंतर सुमारें २० किलोमीटर. दांडी फळीवर नेऊन ३.८ मीटर केली तरी अंतरांत अर्ध्या किलोमीटराहून थोडीशीच अधिक भर. परंतु घरचा खांब ९ वरून १६ मीटर केला तर चार किलोमीटरांची भर! वहिनी क्षणभर पाटीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यानें उंच चढण्यापेक्षां आपण उंच व्हावें." याहून नेमका अर्थ आम्हांला सांगतां आला नसता. डोंगर मध्यें आला तर हा हिशेब अर्थातच चालत नाहीं, आणि बंदी भागांत तो ठायींठायीं येतो. म्हणून कोठकोठल्या चढावरून घर ऐकूं येतें याची एक यादी पुतण्यानें गाडींत चिकटवून ठेवली आहे.

ड्रायव्हरमामांच्या फांदीचें काय? येथें आम्हांस त्यांचा अनुभव मुलांच्या पुस्तकाहून मोठा वाटला. त्यांच्या सांगण्यावरून दांडीच्या बुडाशीं स्प्रिंग बसविली. फांदी लागली तर दांडी लवते आणि पुन्हां उभी राहते. केबिन पुढें कलती करून इंजिन पाहावें लागतें, तेव्हां टपावरची दांडी समोरच्या भिंतीवर आदळेल, म्हणून ती हातानें फिरवून काढतां येईल अशी घेतली. टपावरच्या जाळींत ताडपत्री व दोर ठेवण्याची जुनी चाल. त्या लोखंडी गजांजवळ दांडी नको, म्हणून जाळी काढून ताडपत्री हौद्यांत गेली. यावर मामा दोन दिवस रुसले होते. क्लीनर पोरगा तर टपावर चढून माल बांधतो. प्रक्षेपण चालू असतां दांडीला हात लागला तर चामडी भाजते. म्हणून तो वर असतांना यंत्राची किल्ली मामांच्या खिशांत असावी असा कडक नियम केला. गाडी चालवितांना हातांत यंत्र धरून बोलणें हा तर गुन्हाच आहे, तेव्हां बोलावयाचें तें गाडी बाजूला उभी करून.

सर्वांत मोठें भय मात्र फांदीचें नव्हे, तारांचें. आमच्या भागांत खेड्यांकडे जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारा कित्येक ठिकाणीं लोंबून खालीं आलेल्या आहेत, आणि कापसानें शीग भरलेली गाडी त्यांखालून जातांना जाणत्याचाहि श्वास अडकतो. हातभर दांडी आणि नऊ फुटी काठी यांत निवड करण्याची वेळ येती, तर आवाज कितीहि लांब जाणार असला तरी आम्ही काठीला संमति दिली नसती. टपावर हातभर दांडी लावून एकंदर उंची भरलेल्या हौद्याच्या खालींच राहते, ही गोष्ट बंधूंना पटली, आणि त्यांनीं भोंकाविषयींचा आपला आक्षेप त्याच दिवशीं मागें घेतला.

भोंक पाडण्याचें काम गुरुवारीं सकाळीं झालें. सव्वा इंचाहून लहान. कडेचा रंग खरवडून पत्रा स्वच्छ उघडा केला, कारण रंगावर बसविलेल्या एरियलला पत्र्याचा स्पर्शच होत नाहीं. मग रबरी वायसर, वरून पाणी न झिरपणारें लुकण, आणि केबिनपासून सांगाडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी, कारण केबिन रबराच्या गाद्यांवर बसलेली असते व सांगाडीशीं तिचा विजेचा संबंध भरंवशाचा नसतो. आर्द्राचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हां बंधु स्वतः केबिनमध्यें अर्धा तास वर पाहत बसले होते. थेंब आला नाहीं.

आषाढांत गाडी दोनदां बंदी भागांत जाऊन आली. ठरलेल्या चढावर गाडी थांबते, पुतण्या आपलें चिन्ह सांगतो, माडीवरून बहीण उत्तर देते. वहिनी शेजारीं बसतात. त्यांना परवाना नाहीं, म्हणून त्या बोलत नाहींत, नुसत्या ऐकतात. मातोश्रींना मात्र हा नियम मान्य नाहीं. "माझ्या नातवाशीं बोलावयाला सरकारचा कागद कशाला?" असें त्या म्हणतात, आणि पुतणीनें परीक्षेचें पुस्तक त्यांच्यापुढें ठेवलें आहे.

घरचा खांब १६ मीटर करण्याचें काम दिवाळीनंतर निघेल. नळ आणून परसांत ठेवले आहेत. खांब कोलमडला तरी रस्त्यावरच्या विजेच्या तारेला लागूं नये, म्हणून तो तिच्यापासून आपल्या उंचीहून अधिक अंतरावर हवा. तसें मोजून पाहतां तुळशीवृंदावन व विहीर यांच्या मधली जागा तेवढी उरते, आणि तेथें वहिनींचा पारिजातक आहे. तो हलवावा कीं खांबाचे ताण दुसऱ्या अंगाला घ्यावे, याविषयीं सध्यां ओसरीवर बोलणें चालू आहे.